दोन भाषांचा एक प्रांत

कॅनडा म्हटलं की आपल्याला टोरांटो आठवतं, व्हँकुव्हर आठवतं, फार तर नायगारा. आणि फ्रेंच बोलणारा कॅनडा म्हटलं की क्वेबेक. पण गंमत अशी, की कॅनडाच्या दहा प्रांतांपैकी राज्यघटनेनेच द्विभाषिक ठरवलेला प्रांत एकच आहे, आणि तो क्वेबेक नव्हे! क्वेबेकची राजभाषा एकटी फ्रेंच. दोन्ही भाषांना अगदी समान दर्जा देणारा प्रांत म्हणजे पूर्वेच्या समुद्रकाठचा न्यू ब्रन्सविक.

माझी मुलगी तिथल्या मंक्टन शहरात राहते, त्यामुळे माझं तिकडे जाणं झालं. तिथे दुकानात शिरलं की पोरगी काउंटरवरून "हॅलो, बोंजूर" असं एका दमात म्हणते. तुम्ही ज्या भाषेत उत्तर द्याल, त्या भाषेत पुढचं बोलणं. रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत, दवाखान्याचे कागद दोन भाषांत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, ती जित्याची खोड... हे असं कसं झालं, कधी झालं, कोणी केलं, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. मग तिथल्या वाचनालयात जाऊन बसू लागले. त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

प्रांत तसा लहान. क्षेत्रफळ सुमारे ७३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ७ लाख ७५ हजार. (आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ मध्ये साडेआठ लाखांच्या घरात होती, यावरून कल्पना करा!) आता ती आठ लाखांवर गेली आहे. उत्तरेला, पूर्वेला आणि दक्षिणेला समुद्र, पश्चिमेला अमेरिकेचं मेन राज्य आणि क्वेबेक. बहुतेक जमीन जंगलाखाली. राजधानी फ्रेडरिक्टन, जुनं बंदर सेंट जॉन आणि आता सगळ्यात मोठं झालेलं मंक्टन.

दक्षिणेला आहे फंडीचा उपसागर. जगातली सर्वांत मोठी भरती-ओहोटी इथली. उपसागराच्या टोकाशी पाणी सोळा मीटरपर्यंत चढतं. मुंबईची मोठ्यात मोठी भरती पाच मीटरच्या आसपास असते, हे लक्षात घ्या म्हणजे आकडा समजेल. होपवेल रॉक्स नावाच्या ठिकाणी ओहोटीला तुम्ही समुद्राच्या तळावर चालता, मान वर करून उंच खडक बघता, आणि सहा तासांनी त्याच खडकांच्या डोक्याशी लोक होड्या वल्हवत असतात. मंक्टनच्या पेटिकोडियाक नदीत तर भरतीची लाट नदीच्या प्रवाहाविरुद्ध चालत येते. ही भरती लक्षात ठेवा, कारण या प्रांताच्या इतिहासाची सुरुवात तिच्यापासूनच होते.

अर्थात माणसं त्याच्या कितीतरी आधीपासून होतीच. मिकमॅक, वोलास्तोकी आणि पासामाकोडी हे इथले मूळ रहिवासी. वोलास्तोकी म्हणजे वोलास्तोक नदीची माणसं. सुंदर नदी असा त्या नावाचा अर्थ. १६०४ सालच्या २४ जूनला शांप्लेन नावाचा फ्रेंच दर्यावर्दी तिच्या मुखाशी आला. तो दिवस ख्रिस्ती संत जॉनचा. झालं, नदीचं नाव बदललं! त्याच वर्षी फ्रेंचांनी सेंट क्रॉय बेटावर वस्ती केली. ७९ माणसं होती. पहिल्याच हिवाळ्यात स्कर्व्हीने त्यातली जवळजवळ निम्मी दगावली. उरलेले उपसागर ओलांडून पोर्ट रॉयलला, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियात गेले. पुढे तिथे जी फ्रेंच शेतकऱ्यांची वस्ती वाढली, तिचं नाव अकाडी आणि माणसं अकेडियन.

या अकेडियन शेतकऱ्यांनी काय केलं, ते आपल्या खारेपाटातल्या वाचकांना लगेच समजेल. त्यांनी जंगल तोडलं नाही, समुद्राकडून जमीन घेतली. खाडीकाठच्या दलदलीला गवताच्या मुळांसकट कापलेल्या चिखलाच्या ढेकळांचे बांध घातले. बांधाच्या खाली पोखरलेल्या ओंडक्याची मोरी आणि तिला एका बाजूने उघडणारी लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. भरती आली की समुद्राचंच पाणी झडप दाबून बंद करतं. याला ते 'आब्वातो' म्हणत. पेण-अलिबागकडे आपण खारबंदिस्तीच्या बांधाला जी उघाडी ठेवतो, तीच ही युक्ती! दोन-तीन वर्षांत पावसाने आणि बर्फाच्या पाण्याने जमिनीतलं मीठ धुऊन निघे आणि मग गहू असा पिके, की खताची गरज नाही. पण बांध एकट्याने घालता येत नाही आणि राखताही येत नाही. एकाच्या हद्दीत खांड पडली की सगळ्या गावाची शेतं खारी. त्यामुळे बांधाने नुसती शेती नाही, समाज घडवला. एकमेकांना धरून राहायची सवय या लोकांना तिथे लागली, आणि पुढे तीच कामी आली.

१७१३ च्या उट्रेख्टच्या तहात अकाडीचा मोठा भाग इंग्रजांकडे गेला. राजा बदलला, शेतकरी तेच राहिले. आम्ही तुमचे प्रजाजन, पण फ्रेंचांविरुद्ध शस्त्र धरणार नाही, असं त्यांचं म्हणणं. इंग्रजांनी चाळीस वर्षं हे चालवून घेतलं. मग फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात पुन्हा युद्धाचे ढग जमले. जून १७५५ मध्ये रॉबर्ट मंक्टन या इंग्रज अधिकाऱ्याने आजच्या न्यू ब्रन्सविकच्या सीमेवरचा बोसेजूरचा फ्रेंच किल्ला घेतला. पाठोपाठ २८ जुलैला गव्हर्नर लॉरेन्सच्या मंडळाने ठराव केला, की अकेडियन लोकांना देशाबाहेर काढायचं.

ग्राँ-प्रे गावात ५ सप्टेंबरला पुरुषांना आणि मुलग्यांना चर्चमध्ये बोलावलं आणि हुकूम वाचून दाखवला. जमीन, घरं, गुरं सरकारजमा. तुम्ही जहाजांवर चढायचं. १७५५ ते १७६३ या काळात सुमारे चौदा हजारांपैकी दहा हजारांवर माणसं अशी उपटून काढली गेली. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या इंग्रज वसाहतींत त्यांना थोडी थोडी वाटून टाकलं, हेतू हा की ती पुन्हा एकत्र येऊ नयेत. व्हर्जिनियाने तर त्यांना ठेवूनच घेतलं नाही, इंग्लंडला पाठवून दिलं. रोगराईने आणि जहाजं बुडून हजारो मेली. काही फिरत फिरत लुइझियानात पोचली. तिथले 'केजन' ते हेच, अकेडियनचा अपभ्रंश. आणि काही न्यू ब्रन्सविकच्या जंगलात पळाली, मिकमॅक लोकांच्या मदतीने तगली.

यातली एक गोष्ट मला फार लागली. रिकाम्या झालेल्या त्या शेतांवर न्यू इंग्लंडमधून नवे शेतकरी आणून बसवले. १७५९ च्या वादळात बांध फुटले आणि नव्या मालकांना ते बांधता येईनात. मग कोणाला आणलं? कैदेत ठेवलेल्या अकेडियन माणसांना! आजोबा-पणजोबांनी घातलेले बांध ती माणसं मजूर म्हणून, दुसऱ्यासाठी दुरुस्त करत होती.

१७६४ पासून त्यांना परत यायची परवानगी मिळाली. पण जुनी जमीन नाही, एका जागी जमायचं नाही, आणि राजनिष्ठेची शपथ घ्यायची. ते आले, बरेचसे पायी, आणि उरलेल्या जागी राहिले. न्यू ब्रन्सविकचा ईशान्य किनारा, काराकेटसारखी गावं, मेमरमकुकचं खोरं. शेतकऱ्यांचे कोळी झाले. मासळी व्यापाऱ्याला घालायची आणि त्याच्याच दुकानातून उधारीवर माल घ्यायचा. हिशोब कधी फिटायचा नाही. आपल्याकडची सावकारी आठवते ना?

इतक्यात अमेरिका स्वतंत्र झाली. इंग्लंडच्या राजाशी निष्ठा ठेवणाऱ्या लोकांना तिथे राहणं कठीण झालं आणि १७८३ मध्ये त्यांतले सुमारे चौदा हजार सेंट जॉन नदीच्या काठी उतरले. त्यांच्यासाठी १७८४ मध्ये नोव्हा स्कोशियापासून तोडून हा वेगळा प्रांत केला. म्हणजे न्यू ब्रन्सविक जन्माला आला तो इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी! फ्रेडरिक्टनच्या जागी राहणारी अकेडियन कुटुंबं पुन्हा उठली आणि वर मदावास्काकडे सरकली. वाईट याचं वाटतं, की हे नवे आलेलेही घरदार सोडून आलेले निर्वासितच होते. पुढे लाकूड आणि जहाजबांधणी यांवर प्रांत भरभराटला. १८५१ मध्ये सेंट जॉनला बांधलेलं 'मार्को पोलो' जहाज त्या काळी जगातलं सर्वांत वेगवान म्हणून गाजलं. आयर्लंडच्या दुष्काळातली माणसं १८४७ मध्ये आली. १८६७ मध्ये कॅनडा स्थापन करणाऱ्या चार प्रांतांत हा एक होता. या सगळ्या उत्कर्षात फ्रेंच बोलणारे कुठे होते? किनाऱ्यावर आणि जंगलात, गरीब आणि बहुतेक निरक्षर.

आता शाळेची गोष्ट, म्हणजे माझ्या जिव्हाळ्याची. १८७१ च्या कायद्याने सरकारी पैशाच्या शाळा धर्मनिरपेक्ष केल्या. ऐकायला चांगलं आहे. पण अकेडियनांची भाषा, धर्म आणि शाळा एकाच चर्चच्या छपराखाली होत्या. ते छप्पर काढलं तर तिन्ही उघड्यावर. त्यांनी शाळेचा कर द्यायचं नाकारलं. जानेवारी १८७५ मध्ये काराकेटला दंगल झाली. एक हवालदार आणि लुई मायू नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा, असे दोघे मेले. नंतर सरकारने थोडी तडजोड केली. १८८१ मध्ये मेमरमकुकच्या कॉलेजात अकेडियनांचं पहिलं अधिवेशन भरलं आणि १५ ऑगस्ट हा राष्ट्रीय सण ठरला. (हो, १५ ऑगस्टच! मला फार गंमत वाटली.) १८८४ मध्ये झेंडा ठरला, फ्रान्सच्या तिरंग्यावर पिवळा तारा. देश नाही, सरकार नाही, पण झेंडा, गीत आणि सण आहे.

पण मंडळी, झेंड्याने पोट भरत नाही आणि भाषाही टिकत नाही. पुढची ऐंशी वर्षं फ्रेंच ही घरची आणि चर्चची भाषा राहिली. कोर्टात, सरकारी कचेरीत, चांगल्या नोकरीत इंग्रजी. शाळा आणि दवाखाने जिल्ह्याच्या करांवर चालत. म्हणजे गरीब फ्रेंच जिल्ह्यात गरीब शाळा, आणि गरीब शाळेतून पुन्हा गरीब माणसं. हे चक्र तोडलं लुई रोबिशो यांनी. १९६० मध्ये निवडून आलेले ते पहिले अकेडियन मुख्यमंत्री. त्यांनी आधी भाषेला हात घातला नाही, पैशाला घातला! शाळा, आरोग्य, न्याय ही कामं जिल्ह्यांकडून काढून प्रांताकडे घेतली, म्हणजे प्रत्येक मुलामागे सारखा खर्च. १९६७ मध्ये ही योजना अमलात आली. विरोधक म्हणत, हा पीटरला लुटून प्येरला देतोय. खरं तर गरीब इंग्रजी खेड्यांचाही त्यात फायदाच होता. १९६३ मध्ये मंक्टनला फ्रेंच विद्यापीठ निघालं. आणि मग १८ एप्रिल १९६९ रोजी राजभाषा कायदा. केंद्राचा कायदा त्याच उन्हाळ्यात, पण नंतर आला. या चिमुकल्या प्रांताने आधी केला.

हे सुखासुखी झालं असं समजू नका. १९६८ मध्ये मंक्टनच्या विद्यार्थ्यांनी महापालिकेत फ्रेंचचा वापर व्हावा म्हणून मोर्चा काढला, तेव्हा महापौर लेनर्ड जोन्स यांनी त्यांना उडवून लावलं. दोघा विद्यार्थ्यांनी महापौरांच्या दारात डुकराचं मुंडकं नेऊन ठेवलं! पण मला विशेष वाटलं ते पुढचं. १९७० मध्ये रोबिशो हरले आणि विरोधी पक्षाचे रिचर्ड हॅटफील्ड आले. ते इंग्रजी भाषक. त्यांनी कायदा रद्द केला नाही, उलट पुढे नेला. १९८१ मध्ये दोन्ही भाषक समाज समान आहेत असा कायदा केला आणि १९९३ मध्ये ते तत्त्व कॅनडाच्या घटनेत गेलं. एका पक्षाचं काम दुसऱ्याने पुढे न्यावं, हे दृश्य आपल्याला जरा अनोळखीच.

तिथली द्विभाषिकता म्हणजे प्रत्येकाला दोन भाषा येतात असं नाही बरं का. २०२१ मध्ये दोन्ही भाषा बोलू शकणारे जेमतेम ३४ टक्के होते, आणि त्यांत फ्रेंच मातृभाषा असणारेच जास्त. द्विभाषिक असायचं ते सरकारने. नागरिकाने आपल्या भाषेत बोलावं. म्हणून शाळा वेगळ्या, शिक्षणखात्याचे दोन भाग आणि आरोग्यसेवेचीही दोन मंडळं. मंक्टनच्या एका रहिवाशाला बांधकामाबाबत पालिकेचा आदेश फक्त इंग्रजीत आला. तो कोर्टात गेला. २००१ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, पालिकेचे नियम दोन्ही भाषांत हवेत. त्यातून २००२ चा नवा कायदा झाला आणि त्याच वर्षी मंक्टनने स्वतःला अधिकृतपणे द्विभाषिक शहर जाहीर केलं. एक साधा कागद, पण त्याने प्रांत हलला.

तक्रारी आहेतच. दुप्पट खर्च कशाला, सरकारी नोकरीत फक्त द्विभाषिक लोकच का, मुलांच्या शाळेच्या बससुद्धा भाषेप्रमाणे वेगळ्या का? हे प्रश्न विचारणारे सगळे दुष्ट नाहीत. ज्याला एकच भाषा येते त्याची नोकरीची भीती खरी असते. दुसरीकडे फ्रेंच भाषकांचं प्रमाण हळूहळू घटतंय, आता ते तीस टक्क्यांच्या आसपास आहे. मंक्टनकडची तरुण मुलं 'शियाक' बोलतात, फ्रेंच वाक्यात इंग्रजी शब्द. (आपलं 'मी उद्या कॉल करून कन्फर्म करते' आठवा!) जुने लोक नाकं मुरडतात. पण आंतोनिन माये यांनी आपल्या गावची अशिक्षित बायकांची बोली नाटकात आणली, आणि त्याच लेखिकेला १९७९ मध्ये फ्रान्सचा गाँकूर पुरस्कार मिळाला. फ्रान्सबाहेर हा मान तोपर्यंत सहसा जात नसे. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

आणि एक विचित्र गोष्ट. मंक्टन शहराचं नाव कोणावरून? बोसेजूर घेणाऱ्या आणि अकेडियनांना हाकलण्यात पुढे असणाऱ्या त्या रॉबर्ट मंक्टनवरून! फ्रेंच विद्यापीठालाही तेच नाव. ते बदलावं अशी मागणी २०२३ मध्ये जोरात झाली. विद्यापीठाचं नामांतर म्हणजे काय असतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

एक हिशोब मात्र अजून बाकी आहे. ज्या मिकमॅक लोकांनी अकेडियनांना जंगलात जगवलं, त्यांच्या भाषेला या दोन भाषांच्या प्रांतात अधिकृत दर्जा नाही. १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या तहांप्रमाणे त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य केला, तेव्हा बर्न्ट चर्च इथे इतर मच्छीमारांनी त्यांचे लॉबस्टरचे पिंजरे फोडले. सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं सोसणं दिसेलच असं नाही, हे इतिहासात मी वारंवार पाहिलंय.

द्विभाषिक म्हटलं की माझ्या पिढीला आठवतं ते १९५६ चं द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० ला माझी चौथीची परीक्षा नुकतीच झाली होती; गावात काढलेल्या रांगोळ्या आठवतात. आपण वेगळे होऊन प्रश्न सोडवला, आणि आपल्या संख्येला ते शोभलंही. अकेडियनांना तो मार्ग नव्हताच. त्यांना शेजाऱ्याबरोबर एकाच घरात राहून आपली भाषा राखायची होती. म्हणून त्यांनी मागितलं ते राज्य नव्हे. मागितली शाळा, दवाखाना, कोर्टाचा कागद, काउंटरवरचा 'बोंजूर'. आम्हाला अख्खं राज्य मिळालं, आणि मी ज्या मराठी शाळांत शिकवलं त्यांतल्या दोन आज पटाअभावी बंद आहेत. कोणी हाकललं नाही, कोणी हुकूम वाचला नाही. आपणच उघाडी उघडी टाकली.

२०२३ मध्ये तिथल्या सरकारने इंग्रजी शाळांतला फ्रेंच माध्यमाचा पर्याय बंद करायचं ठरवलं होतं. सभांना गर्दी करून विरोध कोणी केला? इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनी! सरकारला बेत मागे घ्यावा लागला. माझी नात याच वर्गात आहे. ती शाळेत फ्रेंच शिकते, मैदानावर इंग्रजी बोलते. तिसरी भाषा राखायला तिथे कायदा नाही आणि असायचं कारणही नाही. ते काम रविवारच्या फोनवर माझं आणि तिच्या आईचं.

तेव्हा परदेशातल्या आमच्या सगळ्या भाचरांना आणि त्यांच्या आईबापांना एवढंच, की मला फोन केलात तर मराठीत बोला. अडखळलात तरी चालेल, शियाक चालेल, मी थांबीन. असो. लेख फार लांबला. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल, कोणी गेलं असेल, तर जरूर लिहा. वाचायला आवडेल.